जळगावातील एक जर्मन भाषावर्ग : दोन वर्षांनंतरचे परीक्षण

जून २०२३ ते जून २०२४ या वर्षात माझ्या मुलीने जळगावातील एका खासगी वर्गात जर्मन भाषेच्या ए१, ए२ आणि बी१ या पहिल्या तीन पातळ्या पूर्ण केल्या. पहिल्या दोन पातळ्यांना मीही तिच्या शेजारच्या बाकावर बसत होतो. बत्तीस वर्षे मराठी शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो, अमळनेरहून सकाळच्या गाडीने मुलीला सोबत होत होती आणि दुसऱ्या कोणाकडून भाषा शिकण्याची मला मनापासून इच्छा होती. मुलगी सप्टेंबर २०२४ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतील साक्सनी राज्यात, केम्निट्झ या शहरात गेली. वर्गाचे परीक्षण मी तेव्हाच लिहिले नाही, कारण तिकडच्या स्वयंपाकघरात, प्रयोगशाळेत आणि दुकानात या शिकवणीचे काय होते, हे पाहिल्याशिवाय मत देणे मला योग्य वाटत नव्हते. वर्गाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. त्यांच्या कामात मला फार आवडलेल्या गोष्टी आहेत तशा खटकलेल्याही आहेत. खटकलेल्या गोष्टी मी संचालकांना समक्ष सांगितल्या आहेत, आणि येथे लावलेल्या कसोट्या जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा भुसावळ येथील कोणत्याही वर्गाला लावता येतील.

आपल्या भागात अशा वर्गांच्या पाट्या अलीकडे बऱ्याच दिसू लागल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यानंतर परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांची त्यात भर पडली. आमच्या चौदा जणांच्या तुकडीत अभियांत्रिकीची पदवी घेतलेली सहा मुले होती, परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या पाच मुली होत्या, त्यांतल्या दोघी नंदुरबार जिल्ह्यातील, आणि बाकीचे माझ्यासारखे निव्वळ हौसेने आलेले.

आता शिकवणीच्या तासांविषयी. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीनुसार भाषेच्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा पातळ्या मानल्या जातात. बी१ पर्यंत पोहोचण्यासाठी ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, असे जर्मन भाषा शिकवणारी आणि तिच्या परीक्षा घेणारी गोएथे संस्था स्वतः सांगते. आमच्या वर्गात आठवड्याचे पाच दिवस रोज दीड तास, म्हणजे दोन तासिका होत. एक पातळी बारा आठवड्यांची, म्हणजे १२० तासिकांची, आणि तीन पातळ्यांच्या मिळून ३६० तासिका. हा आकडा किमान मर्यादेच्या जेमतेम वर आहे. याच वर्गाने पुढच्या तुकडीसाठी 'सहा महिन्यांत बी१' अशी जाहिरात केली, तेव्हा मी हा हिशेब कागदावर मांडून संचालकांना दाखवला होता. रोजचे तास न वाढवता अवधी अर्धा केला, तर मुले शब्द पाठ करतील, पण समोरच्या माणसाचे बोलणे ऐकून समजण्याची सवय त्यांच्या कानांना लागणार नाही. जाहिरात नंतरही काही महिने तशीच होती, याचे मला वाईट वाटते.

या वर्गाचे खरे बळ तेथील शिक्षिका आहेत. त्या मूळच्या चोपडा तालुक्यातील, घरी अहिराणी बोलणाऱ्या, पुण्यात जर्मन शिकलेल्या. जर्मन ही इंग्रजीच्या वाटेने शिकवायची भाषा आहे, असे त्यांनी कधीच मानले नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर २१ हा आकडा लिहिला आणि विचारले, की मराठीत आपण आधी काय उच्चारतो, एक की वीस? मराठीत 'एकवीस' आणि जर्मनमध्येही 'एक आणि वीस' असाच क्रम आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना जे उलटे वाटत होते, ते आम्हाला घरचेच होते. जर्मन 'झेड'चा उच्चार आला, तेव्हा 'चाक' आणि 'चूल' या शब्दांतला च म्हणून दाखवा, एवढेच त्यांनी सांगितले, आणि तो उच्चार बहुतेकांना तिथल्या तिथे जमला. तीन लिंगांची भीती तर त्यांनी काढूनच टाकली. तो, ती, ते हा भेद आपण लहानपणापासून न चुकता करतो, आणि जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी कशी, असे कोणी विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या 'ते पोरगं' या शब्दाकडे बोट दाखवले. लिंगे ठरण्याची रीत दोन्ही भाषांत वेगळी आहे, हेही त्यांनी लपवले नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. ते पाठच करावे लागते.

नकारार्थी प्रश्नाला होकारार्थी उत्तर देताना जर्मन माणूस 'डोख' म्हणतो. इंग्रजीतून हा शब्द समजावायला परिच्छेद लागतो. मॅडमनी विचारले, 'जेवली नाहीस का?' मुलगी सहज म्हणाली, 'जेवले की!' मॅडम म्हणाल्या, 'हा जो की आहे ना, तोच डोख.' मराठीचा शिक्षक म्हणून सांगतो, की आपल्या 'की'कडे मी स्वतः इतक्या बारकाईने कधी पाहिले नव्हते.

सर्वांत चांगला धडा घड्याळाचा होता. जर्मनमध्ये अडीच वाजले हे सांगताना 'हाल्ब द्राय' म्हणतात, शब्दशः 'अर्धा तीन'. मराठी माणूस हे ऐकतो आणि त्याच्या मनात साडेतीन उमटतात, कारण आपल्याकडे 'साडे' हे झालेल्या तासावर बसते. परिणामी तो भेटीला एक तास उशिरा पोहोचतो. मॅडमनी येथे 'पावणेतीन' या शब्दाचा आधार घेतला. पावणेतीन म्हणताना आपणही अजून न वाजलेल्या तीनचे नाव घेतो आणि त्यातून पाव कमी करतो. जर्मन माणूस अर्ध्या तासालाही तसाच पुढच्या तासाकडे तोंड करून उभा असतो, असे त्यांनी सांगितले आणि आमचा घोळ मिटला. परकी रीत विचित्र म्हणून बाजूला न ठेवता, तिची सोयरीक आपल्या भाषेत कुठे आहे ते शोधायचे आणि जिथे नाही तिथे फरक नेमका ओळखायचा, ही सवय मला या वर्गाची सर्वांत मोठी देणगी वाटते.

दर मंगळवारी एक सराव होत असे. प्रत्येकाने आपल्या गावची एक गोष्ट जर्मनमध्ये सांगायची, आणि शेजाऱ्याने काहीच ठाऊक नसलेल्या परक्या माणसाप्रमाणे प्रश्न विचारायचे. माझ्या मुलीने भरीत पार्टी निवडली. हिवाळ्यात शेतावर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, तिथेच ठेचतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर सगळे मिळून जेवतात, एवढे तिने नीट सांगितले. समोरच्या मुलाने विचारले, 'वाढदिवस कोणाचा असतो?' दुसरा प्रश्न आला, 'निमंत्रण किती दिवस आधी देतात?' या प्रश्नांपाशी ती अडली. पार्टी या शब्दाने ऐकणाऱ्याच्या मनात वेगळेच चित्र उभे राहते, हे तिला तिथे कळले, आणि पुढच्या मंगळवारी तिने तो शब्द सोडून 'वांग्याच्या हंगामातले शेतावरचे जेवण' अशी मांडणी केली. कोणी कानबाई देवीच्या सणाचे रोट सांगितले, कोणी पोळा. मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यांविषयी बोललो आणि विभक्तिप्रत्ययांत पुरता अडकलो.

अक्कलकुवा तालुक्यातून आलेल्या परिचारिका मुलीचा मंगळवार मात्र मला विसरता येणार नाही. ती पहिले दोन महिने वर्गात फारसे बोलत नव्हती. तिच्या घरची बोली भिली, मराठी शाळेत शिकलेली, हिंदी बाजारात, इंग्रजी परिचर्येच्या अभ्यासक्रमात आणि आता ही पाचवी भाषा. तिने काठीची राजवाडी होळी सांगितली. उंच बांबूची होळी, अंगावर नक्षी आणि डोक्यावर मोरपिसांचे टोप घालून रात्रभर चालणारा नाच, आणि पहाटे पेटवली जाणारी होळी. तिची जर्मन वाक्ये छोटी होती, पण बरोबर होती. प्रश्न विचारणारा परका माणूस म्हणून जळगावचा जो मुलगा बसला होता, त्याला परके असल्याचे नाटक करावे लागलेच नाही, कारण आपल्याच खान्देशातल्या या होळीविषयी त्याला खरोखर काही ठाऊक नव्हते. मलाही फारसे नव्हते. त्या दिवसापासून त्या मुलीकडे पाहण्याची वर्गाची रीत बदलली. आमच्यापैकी सर्वांत जास्त भाषांमध्ये आणि सर्वांत जास्त वेगळ्या माणसांमध्ये वावरण्याचा अनुभव तिच्याकडे होता, आणि आम्ही तिला मागासलेली समजत होतो, ही गोष्ट मी येथे स्पष्ट लिहितो.

साने गुरुजींनी ज्या अमळनेरात शिकवले, तिथेच माझी सगळी नोकरी झाली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते सोबतच्या बंदिवानांकडून तमिळ शिकले आणि तिरुक्कुरळ त्यांनी मराठीत आणले. एकमेकांच्या भाषा शिकून एकमेकांना ओळखावे, हा त्यांच्या आंतरभारतीचा विचार मी वर्षानुवर्षे भाषणांत ऐकला आणि स्वतःही सांगितला. तो तासाच्या वेळापत्रकात बसलेला मला या मंगळवारी दिसला.

याउलट शनिवारचा 'संस्कृती परिचय' हा तास वर्गाची दुबळी बाजू होती. तो मॅडम घेत नसत. त्यासाठी वर्गाने एक वेगळे मार्गदर्शक नेमले होते आणि त्यांच्याकडे सूचनांची तयार यादी होती. घर घेतल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी, रविवारी दुकाने बंद असतात, रात्री दहानंतर शांतता पाळावी, कागद, वेष्टने आणि ओला कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकावा, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती यंत्रात बाटली परत केल्यावर मिळते. ही माहिती खरी आहे आणि उपयोगीही आहे. पण तिच्या पाठोपाठ 'जर्मन लोक वक्तशीर असतात', 'जर्मन लोक तोंडावर बोलतात', 'भावना दाखवत नाहीत' अशी विधाने येत आणि मुले ती वहीत उतरवून घेत. मायकेल बायराम या अभ्यासकांनी १९९७ मध्ये आंतरसांस्कृतिक क्षमतेचे जे प्रारूप मांडले, त्यात पाच अंगे आहेत: कुतूहल आणि मोकळेपणाची वृत्ती, दोन्ही समाजांविषयीचे ज्ञान, एका समाजातील गोष्टीचा अर्थ लावून ती आपल्याकडच्या गोष्टीशी जोडून पाहण्याचे कौशल्य, प्रत्यक्ष संवादातून नवे शोधण्याचे कौशल्य, आणि स्वतःच्या व परक्याच्या रीतींकडे चिकित्सकपणे पाहण्याची जाणीव. शनिवारचा तास यांपैकी फक्त ज्ञानापाशी थांबत होता, आणि तेही एकाच समाजाविषयीचे. बाकीची अंगे मंगळवारच्या तासाला, हे नाव न घेता, सरावात येत होती.

परीक्षेची तयारी समाधानकारक होती, श्रवण सोडून. गोएथे संस्थेच्या बी१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकी १०० गुणांचे, आणि प्रत्येक भागात किमान ६० गुण लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. परीक्षेसाठी मुलगी महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला गेली. संभाषणाच्या भागात अनोळखी जोडीदाराबरोबर मिळून एखादा कार्यक्रम आखायचा असतो, एक छोटे सादरीकरण करायचे असते आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात. मंगळवारच्या सवयीमुळे तिला तिथे ८८ गुण मिळाले. श्रवणात मात्र ५३ मिळाले, आणि तो भाग पुन्हा द्यावा लागला. वर्गात फक्त मॅडमचाच आवाज कानावर पडत असे. ध्वनिफिती ऐकवल्या जात, पण थोड्या आणि घाईत. पुढचे पाच आठवडे तिने डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा मोफत चित्रफीत-पाठ्यक्रम रोज तासभर ऐकला आणि दुसऱ्या खेपेला ती उत्तीर्ण झाली. हे पहिल्या दिवसापासून सांगायला हवे होते.

परदेशी शिक्षणाची जी 'संपूर्ण सेवा' हा वर्ग वेगळे शुल्क घेऊन देतो, ती मी कोणालाही सुचवणार नाही. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, लागते. त्याचा अर्ज मुलीने स्वतः भरला आणि तो काही अवघड नव्हता. राहण्याच्या खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावी लागते. आमच्या वेळी ती वर्षाला ११,२०८ युरो होती, सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो झाली. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला १,५०० युरो घेतले जातात, ही गोष्ट सेवेच्या माहितीपत्रकात नव्हती. त्याहून अधिक खटकले ते प्रेरणापत्राचे. विद्यापीठाला आपण का येऊ इच्छितो हे सांगणारे पत्र वर्गाच्या कार्यालयात तयार मिळत होते, फक्त नाव आणि विषय बदलायचा. मुलीने ते घेतले नाही. जो वर्ग मंगळवारी मुलांना स्वतःच्या शब्दांत स्वतःविषयी बोलायला शिकवतो, त्याच वर्गाने शुक्रवारी त्यांच्या हातात दुसऱ्याचे पत्र द्यावे, हे मला अजूनही सहन होत नाही.

केम्निट्झला गेल्यावर काय झाले, ते आता सांगतो. पहिले तीन महिने तिचे जर्मन मागे पडले. अभ्यासक्रम इंग्रजीत, वसतिगृहाच्या मजल्यावर भारतीय मुलेच जास्त, स्वयंपाक हिंदीत. परदेशात राहिल्याने परदेश आपोआप कळतो, हा समज तिच्या अनुभवाने खोटा ठरवला. जानेवारीत ती मजला बदलून एका साक्सन, एका पोलिश आणि एका सीरियन मुलीबरोबर राहू लागली, आणि तिथून शिकणे पुन्हा सुरू झाले. रविवारी स्वयंपाकघर साफ करशील का, असे विचारल्यावर नाही म्हणणे तिला जड गेले. ती हो म्हणाली आणि अभ्यासामुळे तिच्याकडून झाले नाही. दोनदा असे झाल्यावर मैत्रिणी नाराज झाल्या. जर्मन लोक स्पष्ट बोलतात हे तिच्या वहीत लिहिलेलेच होते, पण स्वतः स्पष्ट नाही कसे म्हणायचे, याचा सराव तिला कोणी दिला नव्हता. शेवटी तिने बसून सांगितले, की आमच्याकडे मोठ्यांना 'बघते' म्हटले की त्याचा अर्थ बहुधा नाही असा होतो आणि ऐकणाऱ्याला तो कळतो. सीरियन मुलगी म्हणाली, की आमच्याकडेही असेच आहे. साक्सन मुलीने सांगितले, की तिला नकाराचे काही वाटले नसते, वाट पाहण्याचे वाटले.

प्रयोगशाळेत एक वयस्क तंत्रज्ञ बाई होत्या. जर्मनमध्ये 'डू' हे आपले तू आणि 'झी' हे आपले तुम्ही, असे वर्गात शिकवले होते, आणि ढोबळमानाने ते ठीक आहे. पण आमच्या घरी अहिराणीत आजीलाही तू म्हणतात आणि त्यात माया असते. बाई मायाळू वाटल्या म्हणून मुलीने त्यांना 'डू' म्हटले. त्यांनी उत्तरात ठसठशीत 'झी' वापरले. तिकडे एकेरीवर येण्याचा प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाने मांडायचा असतो, हे तिला नंतर कळले. आठ महिन्यांनी त्या बाईंनीच एक दिवस कॉफी पिताना तसा प्रस्ताव मांडला, आणि त्या संध्याकाळी तिने मला फोन करून तो सांगितला. पदवी मिळाल्यासारखा तिचा आवाज होता.

आणि घड्याळ. 'हाल्ब द्राय' तिला पक्के येत होते, पण केम्निट्झमध्ये लोक 'फिअर्टेल द्राय' म्हणत, शब्दशः 'पाव तीन'. जर्मनीच्या पूर्व भागात याचा अर्थ सव्वादोन असा होतो, आणि पावणेतीनला 'तीन पाव तीन' म्हणतात. पुस्तकातल्या जर्मनमध्ये हे नव्हते. बेकरीतल्या बाई हो म्हणायला 'नू' म्हणत. प आणि ट हे वर्ण त्यांच्या तोंडी ब आणि ड सारखे मऊ होत. जर्मनीत इतरत्र या साक्सन बोलीची चेष्टा केली जाते, हे तिला त्या साक्सन मैत्रिणीने सांगितले. ती मैत्रीण दुसऱ्या शहरात शिकायला गेली होती, तेव्हा तोंड उघडण्याआधी वाक्य मनात दुरुस्त करून घेत असे. माझ्या मुलीने पुण्यात वर्षभर प्रशिक्षण घेतले, तेव्हा तीही असेच करत होती. मैत्रिणींसमोर माझा फोन आला की, 'पप्पा, नंतर बोलते' म्हणून ती ठेवून देई, कारण माझ्याशी अहिराणीत बोलावे लागले असते. हे तिने मला त्या वेळी सांगितले नव्हते. केम्निट्झहून सांगितले.

आता ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून माझ्याशी सगळ्यांसमोर अहिराणीत बोलते. साक्सन मैत्रिणीला तिने 'काय करस?' म्हणायला शिकवले आहे.

परिचारिका मुलींपैकी तिघी बी२ साठी पुण्याला गेल्या, कारण त्यांच्या कामाच्या मान्यतेसाठी साधारणपणे तेवढी पातळी लागते आणि या वर्गात बी२ ची सोय नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण नंदुरबारच्या मुलीला पुण्यात राहण्याचा खर्च भाषेच्या शुल्काहून जास्त पडतो. ए१ आणि ए२ साठी मात्र मी या वर्गाची शिफारस कोणत्याही संकोचाशिवाय करतो, बी१ साठी श्रवणाची जोड स्वतः देण्याच्या अटीवर करतो, आणि कागदपत्रांच्या सेवेसाठी करत नाही. गेल्या दिवाळीनंतर शनिवारचा तास महिन्यातून एकदा मॅडम घेऊ लागल्या आहेत आणि त्यात बाहेर गेलेले विद्यार्थी चित्रफोनवर येऊन प्रश्नांची उत्तरे देतात. हा बदल मी स्वतः जाऊन पाहिला. मी या जूनपासून बी१ ला बसणार आहे. आपल्या गावातील एखाद्या वर्गात चौकशीला जाल, तेव्हा शुल्काचे विचारण्याआधी शिकवणाऱ्यांना भेटावे आणि 'हाल्ब द्राय' मराठी मुलांना कसे समजावता, एवढे विचारून त्यांचे उत्तर शांतपणे ऐकावे.